वीतभर प्राण्याची पाणमोट

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मागं उभ्या असलेल्यांनी पुढं यावं, सतरंजीवर अजून जागा आहे. मुलांनी तर अगदी समोर बसावं. माझ्या या कापडी पिशवीत एक प्राणी आहे. तो जिवंत नाही, चावत नाही, आणि जाण्याआधी मी तो तुमच्या हातात देणार आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'पहिला सरपटणारा प्राणी आणि उत्क्रांतीतलं त्याचं स्थान'. ते स्थान सांगायचं मी कबूल केलंय. त्याआधी सगळ्यांनी उजवा हात वर करा. पंजा पुरता ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत झाली एक वीत. आज ज्याच्याबद्दल बोलायचं तो शेपटीसकट एवढाच होता, सुमारे २० सेंटिमीटर. त्याला शास्त्रात हायलोनोमस लायेली म्हणतात. हायलोनोमस म्हणजे रानात राहणारा. आपण त्याला रानवासी म्हणू. लायेली हे नाव चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे.

तो केव्हा होऊन गेला? सुमारे साडेएकतीस कोटी वर्षांपूर्वी. आकडा ऐकून मान हलवली जाते आणि डोक्यात काहीच उरत नाही, हे मला पस्तीस वर्षं शिकवून कळलंय. म्हणून आपल्या गावाचं माप घेऊ. सोलापूर मागाचं गाव आहे, इथं वार कुणाला सांगावा लागत नाही. एक नऊवारी लुगडं या भिंतीपासून त्या दारापर्यंत पसरा. पदराचं टोक म्हणजे आजचा दिवस. दुसरं टोक म्हणजे रानवासी. नऊ वार, साडेएकतीस कोटी वर्षं, म्हणजे एका वारात साडेतीन कोटी वर्षं बसली. आता पदराकडून मोजत चला. आपलं गाव ज्या काळ्या पाषाणावर उभं आहे तो लाव्हा थिजून दगड झाला ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तो दोन वारांच्या आतच लागतो. ज्या डायनासोरांवर मुलं जीव टाकतात, ते पहिल्यांदा दिसतात साडेसहा वारांच्या सुमारास. आणि आपण, म्हणजे माणूस? पदराच्या काठावर करंगळीच्या नखाएवढी पट्टी. आपल्या शेतात विहीर खणताना जो दगड सुरुंगानं फोडावा लागतो आणि जो आपल्याला जगाच्या आरंभापासूनचा वाटतो, तो या लुगड्यात काल-परवाचा आहे.

तेव्हा रानवासी आपल्याकडच्या कातळात सापडणार नाही. तो सापडला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात, जॉगिन्स नावाच्या ठिकाणी. तिथं फंडीचा उपसागर आहे आणि त्या उपसागराची भरती जगात सगळ्यांत उंच. ते पाणी रोज येऊन किनाऱ्याचे कडे खरवडतं, आणि दर वर्षी कड्यातून नवी खोडं, नवी हाडं उघडी पडतात. सुमारे पंधरा किलोमीटरचा तो किनारा २००८ साली जागतिक वारसा ठरला. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथातही या कड्यांचा उल्लेख आहे. एकावर एक अडुसष्ट थरांत झाडांची मुळं जागच्या जागी उभी असल्याचं तिथं लायेल आणि डॉसन यांना दिसलं होतं. अडुसष्ट वेळा रान उगवलं, अडुसष्ट वेळा गाळात बुडालं.

हा डॉसन म्हणजे जॉन विल्यम डॉसन, त्याच प्रांतात जन्मलेला. १८५२ साली तो आणि लायेल त्या कड्यांपाशी गेले आणि दगड झालेल्या एका उभ्या बुंध्याच्या पोटात त्यांना हाडं मिळाली. ती एका उभयचराची होती. डॉसन मात्र त्या बुंध्यांचा पिच्छा सोडणारा माणूस नव्हता. १८६० साली त्यानं आपल्या रानवासीचं नाव जाहीर केलं. हा डॉसन शेवटपर्यंत डार्विनच्या विरोधात राहिला, त्याला उत्क्रांती पटलीच नाही. तरीही त्यानं हाडं जपली, चित्रं नीट काढली, जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. त्याच कामावर पुढच्या पिढ्यांनी उत्क्रांतीचा एक मोठा दुवा जोडला. माझ्या मनात या माणसाबद्दल फार आदर आहे.

प्राणी बुंध्यात गेले कसे? हे सोलापूर जिल्ह्यात सांगायला सोपं आहे. ज्वारीचं ताट मोडून बघा. वरची साल टणक, आत भुसभुशीत गाभा. त्या काळातली सिजिलारिया जातीची झाडं अशीच होती, फक्त उंचीला दहा-दहा पुरुष. पूर यायचा, बुंधा गाळात पुरला जायचा, झाड मरायचं, वरचा भाग मोडून पडायचा. साल टिकायची, गाभा कुजून जायचा. जमिनीत नळकांड्यासारखा खड्डा उरायचा. त्यात हे प्राणी पडले आणि वर येऊ शकले नाहीत, असं एक मत. ते तिथं बिळासारखे राहतच होते, असं दुसरं. काही बुंध्यांत कोळसाही मिळतो, म्हणजे रानाला वणवा लागायचा आणि जीव वाचवायला ते आत शिरले असतील, हे तिसरं. मला दुसरं मत जवळचं वाटतं. पोकळ खोड रिकामं सोडणारा सरडा मी अजून पाहिलेला नाही. रानवासीचे दात बारीक आणि टोकदार होते. किडे, गोमींसारखे जीव, असं काहीबाही तो खात असणार. त्याच रानात सहा-सात फुटांची गोमही फिरत होती. तिच्या पायांचे माग तिथल्या दगडांत आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे यायचं तर मला आधी माझ्या आज्जीकडे जावं लागेल. ही गोष्ट थोडी लांबेल, पण तिच्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

साल १९७२. इथं बसलेल्या पिकल्या केसांना त्या सालाबद्दल काही सांगायला नको. वडील इथं गिरणीत होते आणि मी मोहोळ तालुक्यात आज्जीजवळ राहून शाळेत जात होते. वय नऊ. आज्जी गावची सुईण. मे महिन्याच्या शेवटी तिनं कोनाड्यातली पत्र्याची पेटी हलवली, तर मागं दोन पांढरीशुभ्र अंडी. मोठ्या हरभऱ्याएवढी. पालीची. आई असती तर तिनं ती केरात टाकली असती. पाल म्हटलं की आपल्याकडे घर दचकतं. सोलापूरचं एक बरं आहे, साखर पेठेत तिला बल्ली म्हणतात, अक्कलकोटकडं हल्ली म्हणतात, आपण पाल म्हणतो, आणि ती चुकचुकली की तिन्ही भाषांतली माणसं बोलता बोलता थांबतात. पण आज्जीला कुठल्याही पोटातल्या जिवाचं वावडं नव्हतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कुणाचं तरी बाळंतपण हाय." मी ती अंडी काडेपेटीत कापूस घालून ठेवली. रोज उघडून बघायची. एक अंडं तर मी सारखं फिरवून बघायचे, उजेडासमोर धरायचे.

जूनमध्ये एकच पाऊस झाला. एका रात्रीत ओढ्याकाठच्या खड्ड्यात पाणी साचलं आणि बेडकांनी असा कालवा केला की झोप येईना. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात शिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, मधे काळा ठिपका. पाच-सहा दिवसांत त्या ठिपक्यांना शेपट्या फुटल्या, सगळा खड्डा वळवळायला लागला. मला इतका आनंद झाला होता की शाळेतून मी घरी न जाता आधी खड्ड्यावर जायची.

आणि पावसानं ओढ दिली. रोज खड्ड्याचा काठ वीतभर आत सरकायचा. पिल्लं मधे मधे गोळा व्हायला लागली. मी तांब्यात पाणी घेऊन जायची आणि ओतून यायची. तिसऱ्या दिवशी आज्जीनं धरलं. विहिरीचा तळ दिसत होता, बायका आत उतरून वाटीनं घागर भरत होत्या, आणि मी तांब्याभर पाणी खड्ड्यात ओतत होते. तिनं मारलं नाही. नुसता तांब्या काढून घेतला. म्हणाली, "पोरी, माणसाला प्यायला न्हाई." पुढच्या तीन दिवसांत सगळं संपलं. भेगाळलेल्या चिखलावर काळ्या तिळांचा सडा पडल्यासारखं दिसत होतं. तो वास मला अजून आठवतो.

त्या रात्री मी रडत तिला विचारलं, की एवढी शेकडो मेली, मग काडेपेटीतली दोन का नाही मरत, त्यांना तर मी एक थेंब पाणी दिलं नाही? आज्जी अंथरुणावर उठून बसली. ती काय म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत सांगते. "आगं, बेडकीच्या पोराला भाईरचं पाणी लागतंय. पालीनं पाणी आतच बांधून ठिवलंय. बाईच्या पाणमोटंवानी."

पाणमोट म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीची पाण्याची पिशवी. हा शब्द मला ठाऊक होता. सुईणीच्या घरात तो रोज कानावर पडायचा. रात्री-अपरात्री कुणीतरी दारात येऊन ओरडायचं, "पाणमोट फुटली, लवकर चला." मी कंदील धरून तिच्यामागं गेलेली आहे. पण बाईच्या पोटातली पाणमोट आणि काडेपेटीतलं अंडं ही एकच गोष्ट आहे, हे मला त्या रात्री कळलं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं मला सांगितलं. पुढं महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या तासाला तीच गोष्ट फळ्यावर आकृती काढून शिकवली गेली, तेव्हा माझ्या वहीवर टपकन पाणी पडलं आणि शेजारच्या मैत्रिणीला कारण कळेना.

अंड्यांचं काय झालं ते राहिलंच. जे मी फिरवत होते ते फुटलं नाही, आतल्या आत वाळलं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं अंडं एकदा घातलं की त्याची कूस बदलू नये, हे मला मोठेपणी कळलं. दुसरं नागपंचमीला फुटलं. त्या दिवशी घरात चिरायचं नाही, भाजायचं नाही, जमीन खणायची नाही. कोनाड्यात ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं बाहेर आलं, मग सगळं अंग आलं, आणि ती इंचभर पाल थेट भिंतीवर चढली. शेपटी पाण्यात हलवायची नाही, कल्ले गाळायचे नाहीत, पाय फुटायची वाट बघायची नाही. बाहेर आली ती पुरी पाल होऊनच. गावात पिण्याचं पाणी नव्हतं आणि तिला त्याची गरजच पडली नाही.

एवढं मी का सांगितलं? कारण रानवासी जगाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे तो या पाणमोटेमुळे.

आता माझी एक तक्रार ऐका. बरीच वर्षं मनात आहे. आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत या पिशवीला 'उल्ब' म्हणतात. शब्द शुद्ध आहे, मी तो नाकारत नाही. पण नववीच्या वर्गात मी उल्ब म्हटलं की चाळीस मुलं मान खाली घालून लिहून घ्यायची आणि कुणाच्या डोळ्यांत काही हलायचं नाही. एकदा मी पुस्तक मिटून म्हटलं, उल्ब म्हणजे पाणमोट. मागच्या बाकावरची एक मुलगी, सहा महिने तोंड न उघडलेली, ताडकन उठून म्हणाली, "बाई, आमच्या म्हशीची परवा रात्री फुटली ती?" आणि मग वर्ग आवरेना. कुणाची शेळी, कुणाची वहिनी. एक मुलगा म्हणाला, मोट म्हणजे विहिरीतनं पाणी काढायची चामड्याची, आजोबा सांगतात ती. बरोबर! चामड्याची पिशवी, आत पाणी. ज्या कुणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्या बाईनं बैलाच्या मोटेकडं बघितलं असणार आणि बाळंतिणीकडं बघितलं असणार. याहून नेमका शब्द कुठल्याही परिभाषा कोशाला सुचला नसता.

त्या तासाला तपासणीसाठी आलेले एक साहेब मागं बसले होते. नाव घेत नाही, शाळाही सांगत नाही. तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असले शब्द मुलामुलींच्या वर्गात शोभत नाहीत, पुस्तकातलाच शब्द वापरावा. शेऱ्यातही तसं लिहिलं. मी त्या दिवशी गप्प बसले. नोकरी होती, घर होतं. आज ते उत्तर इथं देते. ज्या शब्दावर गावोगावच्या सुईणींनी आयाबाया सोडवल्या, तो शब्द अशोभनीय असू शकत नाही. आणि ज्या मुलीनं सहा महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तिचा प्रश्न त्या तासातली सगळ्यांत शास्त्रीय गोष्ट होती. म्हैस आणि पाल यांची पाणमोट एकच का, हाच तर उत्क्रांतीचा प्रश्न आहे!

दुसरी तक्रार लहान आहे. एका विज्ञान प्रदर्शनात माझ्या मुलींनी रानवासीची प्रतिकृती केली होती, खऱ्या मापाची. कागदाचा लगदा, तारेचा सांगाडा, आणि अंगावर चादरीच्या कारखान्यातनं आणलेलं रंगीत सूत बारीक कापून चिकटवलेलं. पंधरा दिवस खपल्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, "एवढासाच? मोठा नाही केला?" आणि पुढं गेले. बक्षीस शेजारच्या सहा फुटी टी. रेक्स या डायनासोरला मिळालं, ज्याच्या हाताला पाच बोटं होती. असायला हवी होती दोन. मुली रडल्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा प्राणी त्याच्या घराण्याचा मूळपुरुष शोभेल असा आहे. ती प्रतिकृती मी जपून ठेवली. ती पिशवीत आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. म्हणजे स्थानाचा मुद्दा आता भराभर.

पहिलं, रानवासीचं अंडं सापडलेलं नाही. सापडली आहेत हाडं. मग पाणमोट होती हे कशावरून? समजा, दोन भावांनी वेगळी चूल मांडली. शंभर वर्षांनी दोघांच्याही नातवंडांकडं एकाच घडणीचं, एकाच नक्षीचं तांब्याचं घंगाळ दिसलं, तर ते वाटणीच्या आधीचं, एकत्र घरातलं असणार. तसंच हे. पाली, सरडे, साप, कासवं, मगरी, पक्षी या एका वाटणीत आणि म्हैस, शेळी, तुम्ही-आम्ही या दुसऱ्या वाटणीत, दोन्हीकडं तीच पाणमोट आहे. नुसती पिशवी नव्हे, तिच्याभोवतीची आवरणंसुद्धा तीच. बलकाची पिशवी, मळ साठवायची पिशवी, बाहेरचं जरायूचं वेष्टण. आपल्या परंपरेत अंडज आणि जारज असे दोन वेगळे वर्ग सांगितले. ते मूळचे एकाच घरचे. जारजांनी ते अंडं पोटातच ठेवून घेतलं, एवढाच फरक. आणि हे लक्षात घ्या की पालीसारखं टणक कवच ही पुढची गोष्ट आहे. सुरुवातीच्या अंड्यांना मऊ, चामट आवरण असावं असं मानतात. चामड्याची मोट, अगदी शब्दशः.

दुसरं, वाटणी कुठं झाली ते तुमच्या डोक्यातच दाखवते. कानशिलावर बोटं ठेवा आणि दाढा आवळा. काहीतरी फुगलं? तो जबडा ओढणारा स्नायू. आपल्या घराण्यात डोळ्याच्या मागं कवटीला दर बाजूला एक खिडकी पडली आणि त्या स्नायूला जागा झाली. सरडे, मगरी, पक्ष्यांच्या घराण्यात पुढं दोन खिडक्या पडल्या. रानवासीच्या कवटीला एकही नाही. ती जुन्या वाड्यासारखी बंद आहे. पण बाकीच्या हाडांवरून त्याला बहुतेकांनी सरपटणाऱ्यांच्या फांदीच्या अगदी बुडाशी बसवलं. १९६४ साली रॉबर्ट कॅरोल यांनी या हाडांचा बारकाईनं अभ्यास मांडला, तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांतला 'पहिला सरपटणारा' झाला. बुडाशी नेमका कुठं, यावर अजून वाद चालतो आणि तो चालावा. दोन्ही फांद्या जिथं फुटतात त्या बेचक्याजवळ तो आहे, हे महत्त्वाचं. आपल्या फांदीवरचा आर्किओथायरिस हा जुना नातेवाईक त्याच नोव्हा स्कोशियात मिळाला, थोड्या नंतरच्या थरांत.

म्हणजे रानवासी आपली खापरपणजी नव्हे. खापरपणजीच्या चुलत घरातला. मासा, मग बेडूक, मग सरडा, मग माकड, मग माणूस, अशी एकामागोमाग एक रांग तुम्ही चित्रात बघता, ती चूक आहे. सरडा आपल्या मागं उभा राहिलेला नाही. तो त्याच्या वाटेनं तितकीच वर्षं चाललाय. आपल्या माळरानांवरच्या, गळ्याखाली पंखा उलगडणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली शास्त्रात 'सरडा' हेच वंशनाम मिळालं. आपला मराठी शब्द, जगभर चालणारा! माळरान म्हणजे पडीक जमीन असं म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी नान्नजच्या माळावर जाऊन उभं राहावं.

तिसरं, 'पहिला' हा शब्द. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ईस्ट कर्कटन इथं स्टॅन वुड यांना रानवासीपेक्षा जुना, तसाच वीतभर सांगाडा मिळाला. त्याला लाडानं लिझी म्हणतात. आधी वाटलं हाच पहिला सरपटणारा, मग अभ्यासकांनी त्याला बेचक्याच्या थोडं खाली सरकवलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधून बातमी आली, साडेपस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका दगडी लादीवर पावलं उमटली आहेत आणि बोटांना नख्या आहेत. बेडकाला अशा नख्या नसतात. म्हणजे पाणमोटवाल्यांचं घराणं आपण समजत होतो त्यापेक्षा साडेतीन-चार कोटी वर्षांनी जुनं. लुगड्याला आणखी एक वार जोडावा लागला. ती लादी शोधली तिथल्या दोन हौशी रहिवाशांनी. मुलांनो, ऐकताय ना?

मग रानवासीचा मान गेला का? माझ्या मते नाही. पावलांवरून कोण चाललं ते कळतं, चालणाऱ्याचं अंग कळत नाही. अंगाची गोष्ट हाडंच सांगतात, आणि एवढी जुनी, घराण्याच्या आरंभाची, इतकी नीट हाडं आजही त्या बुंध्यांतलीच आहेत.

चौथं आणि शेवटचं. 'सरपटणारा'. तो सरपटत नव्हता, चार सडपातळ पायांवर चालत होता. सापांनी पाय टाकले ते फार नंतर. बरगड्या हलवून श्वास घेत होता. बेडकासारखा घसा फुगवून हवा गिळत नव्हता, त्यामुळं कातडीतून श्वास घ्यायची गरज संपली. कातडी कोरडी झाली तरी चाललं. तेव्हा जगाच्या मध्यपट्ट्यात दलदलीची रानं होती, आपला भारत मात्र दक्षिण ध्रुवाकडं थंडीत होता. पुढं, साडेतीस कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, ती रानं आटली, हवा कोरडी झाली, डबकी सुकली. डबक्यात पोरं वाढवणाऱ्यांचे हाल झाले. पाणी आत बांधून नेणारे पसरत गेले. ओढ्याकाठचा खड्डा आणि कोनाड्यातली काडेपेटी, तेच जगभर. आपण म्हणतो सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पाणी हे कुंपण होतं, आणि या घराण्यानं ते ओलांडलं. त्यानंतरचे डायनासोर, चिमण्या, म्हशी, माणसं, सगळे कुंपणापलीकडचे रहिवासी.

वेळ संपली, दिसतंय मला. प्रश्न असतील तर खाली उतरून बोलू. आता पिशवी उघडते. हा बघा. हे सूत निळं आणि विटकरी आहे, कारण कारखान्यात त्या दिवशी तेवढेच रंग उरले होते. खरा रंग कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळं चूक म्हणता येणार नाही. पहिल्या रांगेपासून मागं न्या, मुलांच्या हाती आधी द्या. पोटाखाली हात घालून धरा, शेपटीला धरू नका, तिची तार एकदा तुटली आहे. आणि हातात आला की शेजारी आपली वीत लावून बघा.